इंग्रजी शब्दांचे आजोळ

शाळेच्या भिंतीवरचे कॅलेंडर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात सप्टेंबर हा नववा महिना. पण त्याच्या नावाकडे जरा कान द्या. लॅटिन भाषेत 'सेप्टेम' म्हणजे सात, 'ऑक्टो' म्हणजे आठ, 'नोवेम' म्हणजे नऊ आणि 'डेकेम' म्हणजे दहा. आपल्या सप्त, अष्ट, नव, दश यांच्यापासून हे शब्द फार लांब आहेत का? जुन्या रोमन लोकांचे वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा. पुढे वर्षारंभ जानेवारीवर गेला. नावे मात्र जुनाच हिशेब सांगत राहिली.

हे सांगण्याचे कारण असे. माझ्या वर्गात खेड्यातून आलेला एक विद्यार्थी होता. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशी पानेच्या पाने त्याने भरली होती. पहाटे उठून तो ती घोकत असे. तरी परीक्षेत एखादा अनोळखी शब्द आला की त्याचे हातपाय गळत. "सर, ही भाषा आमच्यासाठी नाहीच," असे तो एकदा म्हणाला. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. इंग्रजी शब्द आतून कसा बांधलेला असतो, हे आम्ही शिक्षकांनीच त्याला दाखवले नव्हते.

इंग्रजी भाषा थराथराने वाढली आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँग्लो-सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन वसल्या. हाऊस, वॉटर, ब्रेड, हँड हे रोजचे शब्द त्यांचे. ५९७ साली रोमहून ख्रिस्ती धर्मोपदेशक आले आणि त्यांच्याबरोबर लॅटिन आली. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात, कचेरीत फ्रेंच सुरू झाली. ती तर लॅटिनचीच लेक. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात विद्वानांनी ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतून शब्द उचलले, आणि विज्ञान वाढू लागल्यावर त्याच भांडवलातून नवे शब्द घडवले.

आपल्या मराठीतही असेच नाही का झाले? घर, पाणी, हात हे शब्द प्राकृतातून आलेले. अर्ज, वकील, जमीन हे फारसी अमलातले. आणि शास्त्राचे शब्द संस्कृतातले. म्हणून इंग्रजीचे हे थर समजणे आपल्याला जड जाऊ नये.

आता थोडी मुळे पाहू. ग्रीकमधले 'टेलि' म्हणजे दूर, 'फोन' म्हणजे आवाज, 'ग्राफ' म्हणजे लिहिणे, 'स्कोप' म्हणजे पाहणे. चारच तुकडे; पण टेलिफोन, टेलिग्राफ, टेलिस्कोप हे तिन्ही शब्द हाती आले. 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'मेट्री' म्हणजे मोजणे, म्हणून जिऑमेट्री. आपला भूमिती हा शब्द अगदी त्याच जोडणीचा, भू आणि मिती! लॅटिनमधले 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. बाहेर नेणे ते एक्स्पोर्ट, आत आणणे ते इम्पोर्ट, आणि स्टेशनवर सामान वाहतो तो पोर्टर. द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या शेतकऱ्याला यातले निम्मे शब्द आधीच पाठ असतात.

आणखी एक गंमत ऐका. १७८६ साली कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी एका व्याख्यानात असे मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमातून निघाल्या असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी ते नाते पक्के केले. म्हणून डेंटिस्टमध्ये आपला दंत दिसतो, सायकलच्या पेडलमध्ये पद दिसतो. थर्मामीटरमधला 'थर्मो' म्हणजे उष्ण; तो संस्कृत 'घर्म' शब्दाचा भाऊ, आणि या घर्मापासूनच आपला घाम आला. मात्र हे सारे शब्द संस्कृतातून निघाले, असे समजू नका. ही भावंडे आहेत. आई त्याहून जुनी आहे.

शिक्षकबंधूंनो, येथे एक सावधगिरी हवी. सारखे दिसणारे सगळेच नातलग नसतात. पायी चालणारा तो पेडेस्ट्रियन, कारण लॅटिनमध्ये 'पेड' म्हणजे पाय. पण मुलांचा डॉक्टर तो पीडिअॅट्रिशियन. तेथे 'पेड' हे ग्रीकमधले मूल आहे. शंका आली की कोश उघडावा. आणि हाऊस, वॉटर यांसारख्या शब्दांची फोड करू नये. ते वापरूनच अंगवळणी पडतात.

आठवड्याला एकच मूळ फळ्यावर लिहा आणि त्याची लेकरे मुलांनाच शोधून आणू द्या. वेगळे पुस्तक नको, खर्च नको.

त्या विद्यार्थ्याबरोबर मी हेच केले. काही आठवड्यांनी तो वर्ग सुटल्यावर थांबला. धड्यात 'बायोग्राफी' हा शब्द आला होता, आणि तो त्याच्या वहीत नव्हता. "सर," तो म्हणाला, "बायॉलॉजीतला 'बायो' म्हणजे जीवन, 'ग्राफ' म्हणजे लिहिणे. मग हे चरित्र तर नव्हे?"

मी मान डोलावली. त्याने वही उघडली नाही. तो शब्द घोकण्याची त्याला गरजच उरली नव्हती.