मुलाच्या घरी कोण जाऊन आले?

आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना एक दृश्य परिचयाचे आहे. जून महिना तोंडावर आला, की एखादी आई मुलाचा हात धरून बोर्डिंगच्या दाराशी येई. नवरा वारलेला किंवा व्यसनाच्या आहारी गेलेला, खोली भाड्याची, चार घरची धुणीभांडी करून पोट भरायचे. तिला बहुधा दोनच प्रश्न विचारले जात: मुलाचे वय काय, आणि जागा शिल्लक आहे का? या मुलाला खरोखर कशाची गरज आहे, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारी. तो विचारण्याची रीत मुंबईत कशी रुजली, हे जाणून घेणे आपल्यासाठी अगत्याचे आहे.

सन १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा संमत झाला. १९२७ साली ‘चिल्ड्रेन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. अनाथ, निराधार किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला मोठ्या माणसांच्या न्यायालयात उभे करू नये, त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा, हा या व्यवस्थेमागील हेतू होता. मुलाने काय केले, एवढेच पाहून भागणार नव्हते. तो कोठून आला, त्याच्या घरी कोण आहे, हेही पाहावे लागणार होते. त्यासाठी कोणीतरी त्याच्या घरापर्यंत चालत जाणे आवश्यक होते.

असे जाणाऱ्याला शिक्षण हवे, हा विचार क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने पुढे नेला. नागपाड्याच्या दाट वस्तीत ‘नेबरहूड हाऊस’ चालवताना केवळ सद्‌भावना पुरत नाही, हे त्यांनी अनुभवले. १९३६ साली सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने तेथेच समाजकार्याचे विद्यालय निघाले. तीच आजची ‘टाटा समाजविज्ञान संस्था’. १९५४ मध्ये ती देवनारला आली. पुढे १९५५ साली ‘मारियेच्या हृदयाच्या कन्या’ या संघाच्या धर्मभगिनींनी ‘निर्मला निकेतन’ महाविद्यालय सुरू केले. या शास्त्राचा पाया मेरी रिचमंड या अमेरिकन विदुषीने १९१७ साली आपल्या ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात घातला होता. डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि आपण अनुमानाने ठरवलेले, या तिन्हींची गल्लत करू नये, हा धडा समाजकार्यकर्त्याला आजही पहिल्या वर्षीच गिरवावा लागतो.

उपनगरांत या प्रश्नाला आपल्याच माणसांनी निरनिराळी उत्तरे दिली. अंधेरीच्या सेंट कॅथरिन्स होममध्ये असंख्य मुलींना आसरा मिळाला. तेथे राबणाऱ्या जर्मन धर्मभगिनी अ‍ॅना ह्युबर्टा यांनी १९४२ साली ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ स्थापन केला. १९६२ साली येशूसंघीयांनी ‘स्नेहसदन’ उभारले. फलाटांवर राहणाऱ्या मुलांना मोठ्या वसतिगृहापेक्षा छोट्या घराची, आई-वडिलांच्या मायेने वागवणाऱ्या माणसांची अधिक गरज आहे, हे तेथे ओळखले गेले. दोन्ही ठिकाणी अन्न होते, अंथरूण होते. परंतु मुलाची भूक तेवढीच नसते, हे ध्यानात येत गेले.

मग ही पाहणी होते तरी कशी? समजा, घाटकोपरच्या डोंगरवस्तीतील एक विधवा आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला संस्थेत ठेवू पाहते. कार्यकर्ती प्रथम आईचे बोलणे सावकाश ऐकून घेते. नंतर मुलाशी एकट्याने बोलते. त्याला स्वतःला काय वाटते, हे विचारते. मग ती घरी जाते. रात्री मूल कोणापाशी असते, पाणी किती वाजता येते, शाळेत हजेरी किती, दुखणेखुपणे कोणते, मामा-मावशी जवळ राहतात का, हे सारे पाहते. शिक्षिकेला आणि शेजारणीलाही भेटते. उणिवांबरोबर त्या घराचे बळही ती नोंदवते. कदाचित शेवटी असे निघेल, की आईला मूल नकोसे झालेले नाही. ती रात्रपाळी करते आणि त्या वेळात मुलाला सांभाळणारे कोणी नाही, एवढेच. अशा वेळी मुलाला बोर्डिंगची नव्हे, सांभाळणाऱ्या मावशीची आणि आईला दिवसपाळीच्या कामाची गरज असते. मात्र त्याच घरात मारहाण होत असेल, तर मुलाला तेथून हलवणे हेच कर्तव्य ठरते. दोन्ही घरे बाहेरून सारखीच दिसतात. उंबरठा ओलांडल्यावाचून भेद कळत नाही.

कायद्यानेही हीच दिशा धरली. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकविधानासाठी मूल आणि दत्तक घेणारे घर या दोहोंच्या अभ्यासाचा अहवाल आवश्यक मानला. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलाची सामाजिक चौकशी १५ दिवसांत पूर्ण व्हावी लागते. आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला जातो. केवळ गरिबीपायी मूल आईबापांपासून तोडू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांनी २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे.

येथे आपण थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. आपल्या संस्थांनी हजारो मुलांना वाचवले, हे सत्य आहे. ज्या मुलांना थोड्या मदतीने घरीच राहता आले असते, अशांनाही ‘अनाथ’ म्हणून ठेवून घेतले गेले, हेही सत्य आहे. त्यात दुष्टावा नव्हता, घाई होती. पाहणी करणाराही चुकतो. नीटनेटक्या घरात वाढलेल्या माणसाला झोपडीतील पसारा म्हणजे हेळसांड वाटू शकते. म्हणून चांगला कार्यकर्ता आपले मत एकट्याने ठरवत नाही आणि परिस्थिती पालटली की अहवालही पुन्हा तपासतो.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद दोघादोघांनी गरिबांच्या घरी जातात. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी घालून दिलेली ही रीत आहे. त्यांच्या हातात धान्याची पिशवी असते. ती देण्यापूर्वी चटईवर बसून घडीभर ऐकून घेतले, तर त्या घराला पुढल्या महिन्यात काय लागेल, हेही कळू शकेल. येरीहोच्या वाटेवरील बार्तिमय आंधळा आहे, हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभूने आधी त्याचीच इच्छा विचारून घेतली.