पैनगंगेच्या अलीकडचं दप्तर

आखाडा बाळापुरात बसून आपण हिंगोली जिल्ह्याचा इतिहास पाहतोय. जिल्हा तसा तरुण, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला. पण त्याची पैनगंगेकडची कड फार जुनी आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. नदीपलीकडचं पुसद तिकडे गेलं, आपलं कळमनुरी निजामीत राहिलं. डोंगर मात्र सारखेच, अजिंठ्याच्या रांगेचे फाटे. आंधांच्या वस्त्या आणि बंजाऱ्यांचे तांडे दोन्ही काठांना. सोयरिकी नदी ओलांडून व्हायच्याच, त्या कुठल्या तहाला विचारून होतात?

बदललं ते दप्तर. तिकडे कारभार मराठीत, इकडे उर्दूत. १९४८ ला निजामी संपली, १९५६ ला दोन्ही काठ एका राज्यात आले, तरी कागद वेगळेच राहिले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. पणजोबाचं नाव कागदावर असेलही, पण आपल्यापैकी किती जणांना ते वाचता येईल?