पाच रुपये दरमहा

१० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्याच्या मुख्य मॅजिस्ट्रेटसमोर ३६ माणसांचा एक करारनामा झाला. माणसे छोटा नागपूरकडच्या डोंगराळ मुलखातली. मॉरिशस बेटावर पाच वर्षे मजुरी करायची, दरमहा पाच रुपये मिळायचे, सहा महिन्यांच्या पगाराची उचल निघण्यापूर्वीच हातात. शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि धोतरे-कांबळी. परतीच्या भाड्यासाठी मालक दरमहा एक रुपया कापून ठेवणार. ‘अ‍ॅटलस’ जहाज २ नोव्हेंबरला पोर्ट लुईला लागले आणि ही माणसे हंटर, आर्बथनॉट कंपनीच्या आंत्वानेत मळ्यावर ऊस तोडू लागली.

या कागदावर मजुरांच्या हलाखीचा पुरावा म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे. तो आर्थिक दस्तऐवज म्हणूनही वाचायला हवा. दरमहा एक रुपया म्हणजे पाच वर्षांत ६० रुपये. बारा महिन्यांचा अख्खा पगार. तीस रुपयांची उचल देऊन मालकाने मजुराला कर्जात बांधले हे खरेच, पण ती उचल कामातून फिटून जाई आणि साठ रुपये मात्र वाढत वाढत मालकाच्याच वहीत राहत. मुदत संपेपर्यंत धनको कोण आणि ऋणको कोण, याचे उत्तर उलटे झालेले असे. मॉरिशसच्या साखरेला भांडवल कोणी पुरवले हा प्रश्न विचारायचा, तर सुरुवात या एका रुपयापासून करावी लागते.

रूढ उत्तर वेगळे आहे. १८२५ साली ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी खाली आणली, आणि बेटावर उसाचे पेव फुटले. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा साठ हजारांहून अधिक गुलामांच्या मालकांना सुमारे २१ लाख पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काही नाही. ही रक्कम मळ्यांत आणि कारखान्यांत खेळली, यात वाद नाही. पण सुटलेले गुलाम मळ्यांवर थांबले नाहीत, आणि यंत्रे आणली तरी ऊस तोडायला हात लागतातच. १८३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने ही मजूरभरती बंद केली. ती १८४२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून. एकट्या १८४३ सालात ३४ हजारांहून अधिक माणसे उतरली. १८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेटाची साखर वर्षाला एक लाख टनांच्या पुढे गेली होती. १८६१ च्या शिरगणतीत ३ लाख १० हजार वस्तीपैकी सुमारे १ लाख ९२ हजार हिंदी होते.

ही माणसे कोण होती, ते आप्रवास खात्याच्या नोंदवह्यांतून कळते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या जपलेल्या आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना ‘जागतिक स्मृती’च्या यादीत घेतले. प्रत्येकाला एक क्रमांक. मग नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर पाठवले. पुढे १८६० च्या दशकापासून छायाचित्रही. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिलेले, त्यामुळे मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या मराठी माणसांची गावे शोधणे म्हणजे डोकेफोडच असते. मुंबईचा वाटा एकूण आकड्यात लहान, दहा टक्क्यांच्याही आत. तरी आज मॉरिशसमध्ये जो मराठी समाज आहे आणि ज्याच्या गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तो याच वह्यांतून उतरलेला.

या वह्यांची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. त्या सरकारने माणसे मोजायला आणि पकडायला ठेवल्या होत्या. मजूर कराराखाली आहे तोवर वही बोलते: बदली, मृत्यू, स्वदेशी परत. पाच वर्षे पुरी करून तो ‘जुना आप्रवासी’ झाला की वही बहुतेक गप्प होते. आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश परतले. उरलेल्यांनी पुढे काय केले, हे विचारायला दुसऱ्या कागदांकडे जावे लागते.

त्यातला पहिला म्हणजे १८७१ चा अर्ज. ९,४०१ जुन्या आप्रवाशांच्या वतीने तो गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला. लिहिणारा आदोल्फ द प्लेव्हित्झ, नूव्हेल देकूव्हर्त मळ्याचा व्यवस्थापक. म्हणजे भाषा त्याची, गाऱ्हाणी त्यांची. वाचताना हा फरक सोडता येत नाही. मळेवाल्यांनी त्याला बेटावरून हाकलण्याची मागणी केली, त्यावरून अर्ज वर्मी लागला होता एवढे नक्की. पुढे चौकशीसाठी शाही आयोग आला. त्यातले एक सदस्य विल्यम एडवर्ड फ्रिअर, मुंबई इलाख्यातल्या नोकरीत मुरलेले. दुसरे व्हिक्टर विल्यमसन. १८७५ च्या त्यांच्या अहवालात मळ्यांवरचे हिशेब उघडे पडले. पगार महिनोन्‌महिने थकलेले. एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, ही रीत सर्रास चाललेली. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला उचल काय आणि खाडा काय, दोन्ही शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत.

आयोगाने याला अन्याय म्हटले, आणि तो होताच. हिशेबाच्या भाषेत मात्र थकलेला पगार म्हणजे मजुराने मालकाला दिलेले बिनव्याजी कर्ज. साखर विकून पैसा येईपर्यंत हंगाम ओढून न्यायला मळेवाल्यांना रोकड लागे. तिचा काही भाग व्यापारी पेढ्यांनी दिला, काही मजुरांच्या न दिलेल्या पगाराने. हा माझा निष्कर्ष आहे, आयोगाचे वाक्य नव्हे.

त्याच चौकशीत मळ्याबाहेरचे जगही दिसते. जुने आप्रवासी भाजीपाला पिकवत होते, गाई पाळून दूध घालत होते, फेरीवर माल विकत होते, बैलगाड्या हाकत होते. शहराचे रोजचे जेवण बऱ्याच अंशी त्यांच्या हातून येई. आणि नेमक्या याच लोकांवर १८६७ च्या कायद्याचा बडगा होता. फोटो लावलेला पास सतत जवळ हवा, नसला तर ‘भटक्या’ म्हणून अटक. मळा सोडून स्वतःचे पोट भरणारा माणूस सरकारच्या लेखी निरुद्योगी ठरत होता. करार पुन्हा करायला लावणे हाच त्या कायद्याचा खरा उपयोग, हे अर्जात आणि अहवालात पुरेसे स्पष्ट आहे.

चलनाकडेही पाहावे. हिंदी माणसे, हिंदुस्थानातून येणारा तांदूळ आणि तिकडे जाऊ लागलेली साखर यांमुळे बेटावर रुपया इतका फिरत होता की १८७६ मध्ये तोच अधिकृत ठरवण्यात आला. मॉरिशसचे चलन आजही रुपयाच आहे.

यानंतरचे कागद नोटरींच्या दप्तरांतले, फ्रेंच भाषेतले खरेदीदस्त. इतिहासकार रिचर्ड अ‍ॅलन यांनी ते चाळून जे दाखवले, त्याने मॉरिशसच्या अर्थव्यवस्थेचे चित्रच पालटले. बीट साखरेच्या स्पर्धेने १८८० च्या दशकात भाव कोसळले. पतपुरवठा आटला. मळेवाल्यांनी हलक्या, कडेकडेच्या जमिनींचे तुकडे करून विकायला काढले. या तुकडेविक्रीला तिथे ‘मोर्सेलमाँ’ म्हणतात. गिऱ्हाईक होते जुने आप्रवासी आणि त्यांची मुले. काही रक्कम रोख, बाकी हप्त्यांनी, व्याजासह. अनेकदा मळ्यावरचा सरदार, म्हणजे आपला मुकादम, मोठा तुकडा घेऊन त्याचे लहान तुकडे पाडून विके. त्यात त्याने आपल्याच माणसांकडून नफा काढला, हेही लपवायचे कारण नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक दस्त म्हणजे बुडत्या मळ्याला मिळालेली रोकड. तिच्या आधाराने उरलेल्या मळ्यांनी मोठ्या गिरण्या घातल्या. १८६० च्या सुमारास अडीचशेहून अधिक असलेले साखर कारखाने १९१० पर्यंत शंभराच्या खाली आले, आणि त्यांना ऊस पुरवणाऱ्यांत हे नवे लहान शेतकरी होते. हलकी जमीन, स्वतःची आणि बायकामुलांची मेहनत, खताला पैसा नाही. तोटा झाला तर त्यांचा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस उसाखालच्या क्षेत्रापैकी सुमारे एक तृतीयांश हिंदी मालकीचे झाले होते.

१९०९ मध्ये सर फ्रँक स्वेटनहॅम यांचा आयोग आला, तेव्हा करारबद्ध मजूरभरती शेवटच्या घटका मोजत होती. पुढल्या वर्षी ती थांबली. आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांत १९०७ पासून बेटावर वकिली करणारे मणिलाल डॉक्टर होते. आता तक्रारींचा विषय सावकार होता. पीक उभे असतानाच दलालाकडे गहाण पडत होते, आणि त्यातून सुटायला लहान शेतकऱ्याला पत हवी होती. १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या नमुन्यावर सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि त्या उभ्या करायला हिंदुस्थानातूनच एक अधिकारी बोलावला गेला.