सज्ज्यावरून पाहिलेला न्याय



इमारतींवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की कामगारांच्या दाव्यांपायी गेली पंचवीसेक वर्षे मी कोर्टांच्या व्हरांड्यांत उभा राहत आलो आहे. ज्याच्या भाकरीचा निकाल लागायचा, तो कामगार बहुधा शेवटच्या बाकावर असतो आणि त्याला काही ऐकू येत नाही. कोर्टात कोणी कुठे बसायचे हे ठरवतो कोण, हा प्रश्न तिथेच माझ्या मनात शिरला. पुस्तके चाळता चाळता त्याचे उत्तर मला अमेरिकेतल्या एका लहान गावी मिळाले.

गावाचे नाव मन्रोव्हिल, राज्य अलाबामा. तिथले जुने कोर्ट अँड्र्यू ब्रायन या वास्तुशिल्पीने आखले आणि ते 1903-04 साली उभे राहिले. लाल विटांची इमारत, माथ्यावर घुमट आणि घड्याळ. गावच्या चौकात मधोमध उभी, कारण तिकडे अशा इमारतीत खटल्यांबरोबर जमिनीचे दस्त, कर आणि मतदारांची नोंदणी हेही चाले. खटल्याचे दालन वरच्या मजल्यावर, अंडाकार. आणि त्यावर नाटकगृहात असतो तसा सज्जा.

खालची बाके गोऱ्यांची, सज्जा कृष्णवर्णीयांचा.

आता साल पाहा. या बांधकामाच्या दोनच वर्षे आधी, 1901 साली, अलाबामाने नवी राज्यघटना केली. मतासाठी कर, साक्षरतेची परीक्षा, मालमत्तेची अट असे अडसर घालून तिने बहुतेक कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले. घटनेने कागदावर जे केले, तेच गवंड्याने विटांत केले! सज्ज्यावरून सारे दिसे. पण खाली ज्यूरीच्या बारा खुर्च्यांत त्यांना जागा नसे. अलाबामातल्याच एका खटल्यात, 1935 साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीतून त्यांना असे वगळणे घटनाबाह्य ठरवले. तरी वॉशिंग्टनचा निकाल गावच्या खुर्चीपर्यंत पोचायला फार वर्षे लागली.

हार्पर ली ही लेखिका याच गावची. तिचे वडील इथे वकिली करीत. तिच्या 1960 च्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ कादंबरीत वकिलाची मुले खटला पाहतात ती सज्ज्यात बसूनच. 1962 च्या चित्रपटासाठी या दालनाची प्रतिकृती हॉलिवूडमध्ये उभारली गेली. 1963 साली शेजारी नवे कोर्ट झाले आणि जुन्याचे पुढे संग्रहालय झाले.

सज्जा गेला, म्हणजे काम संपले असे आपल्याला वाटते. पण याच भागातला वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय माणूस 1987 साली खुनाच्या आरोपावरून पकडला गेला. खटला दुसऱ्या काउंटीत हलवला. ज्यूरीत अकरा गोरे, एक कृष्णवर्णीय. ज्यूरीने जन्मठेप सुचवली, तर न्यायाधीशाने ती बाजूला सारून देहदंड दिला. साक्ष खोटी होती हे उघड झाले आणि 1993 साली तो निर्दोष सुटला. तोवर सहा वर्षे गेली होती.

म्हणून मित्रहो, आपल्या गावच्या कोर्टात जाल तेव्हा दगडी कमानी जरूर पाहा. मग शेवटच्या बाकावर घटकाभर बसा आणि तिथे शेजारी कोण बसले आहे, त्याला काही ऐकू येते का, हेही पाहा. ऐकू येत नसेल, तर उभे राहून तसे सांगा.