विंदालूत बटाटा कुठून आला?

ऑफिसच्या टीम लंचला मेन्यूकार्डवर 'मॉर्ने सॉस' दिसला. दूध-मैद्याच्या पांढऱ्या बेशामेल सॉसमध्ये चीज किसून घातलं की झाला मॉर्ने. परतताना विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या नाव शोधलं. फिलिप द मॉर्ने या फ्रेंच सरदाराशी ते जोडतात. पण तो वारला १६२३ मध्ये आणि ज्याच्यावरून बेशामेल हे नाव पडलं, तो लुई द बेशामेय जन्मला १६३० मध्ये. पॅरेंट क्लासच्या आधी चाइल्ड क्लास! हा कोड कंपाइल होत नाही.

त्याच मेन्यूवर 'विंदालू' होता आणि त्यात बटाटे होते. हा बग मात्र आपल्या घरचा.

मूळ पोर्तुगीज नाव 'विन्या द आल्युश'. 'विन्यु' म्हणजे वाइन, 'आल्यु' म्हणजे लसूण. या दोहोंत मांस मुरवायचं. इकडे आल्यावर वाइनच्या जागी ताडी-माडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली. तीही पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली. बटाट्याचा यात कुठेच संबंध नाही. पुढे कोणीतरी शेवटच्या 'आलू'चा हिंदी अर्थ लावला आणि कुकरला बटाटे लावले.

गंमत म्हणजे मराठीत आपण सहसा 'आलू' म्हणत नाही. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांच्या 'बताता'वरून आला. पाव, काजू, अननस, कोबीसुद्धा त्यांच्याकडूनच. आणि हो, पगारही!

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. किल्ल्यात सहलीला गेलो तेव्हा आम्हाला वेढा सांगितला, सुरुंग सांगितले. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या चुलीवर काय शिजत होतं, ते कोणी सांगितलं नाही.

ते अजून शिजतंय. ईस्ट इंडियन घरांत विंदालूच्या या भावाला 'इंद्याल' म्हणतात. पण ऑनलाइन ऑर्डर करणाऱ्या माझ्यासारख्याला विंदालू माहीत, इंद्याल नाही. पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या मित्राच्या घरी मी तो पहिल्यांदा खाल्ला, तोही सत्ताविसाव्या वर्षी. लसूण आणि व्हिनेगर आधी नाकात गेलं, मग तिखट लागलं.

"काकू, यात बटाटा नाही घालत?" मी मुद्दामच विचारलं.

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मित्राकडे.

"याला मटण कमी वाढलंस काय रे?"