यूएसबी-सी लॅपटॉप चार्ज होत नाही? ‘बोर्ड गेला’ मान्य करण्याआधी व्होल्ट किती ते विचारा

गोल पिनचा चार्जर होता तेव्हा दुखणं सोपं होतं. चार्जरमधून १९ व्होल्ट येतात का बघायचं, येत असतील तर जॅक बघायचा. आता मोबाइल, टॅब, लॅपटॉप सगळ्यांना एकच यूएसबी-सी आलं. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना ते सक्तीचं केलंय, त्यामुळे आपल्याकडेही पुढे हेच जास्त दिसणार. सोय झाली खरी, पण बिघाड शोधणं किचकट झालं. दुकानात गेलं की बऱ्याचदा एकच वाक्य ऐकू येतं, “सर, मदरबोर्ड गेलाय.” जुन्या लॅपटॉपला नवा बोर्ड म्हणजे कधीकधी लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचं बिल. सेमिस्टर ऐन मध्यात असताना पोराच्या घरच्यांना ते झेपत नाही.

बोर्ड खरंच गेलाय का, हे बऱ्याच अंशी लॅपटॉप न उघडता कळतं. त्यासाठी आधी चार्जिंग सुरू कसं होतं ते बघू.

वीज येण्याआधी बोलणी

सी-टू-सी चार्जर भिंतीला लावला तरी केबलच्या दुसऱ्या टोकाला सुरुवातीला काहीच व्होल्टेज नसतं. पोर्टमध्ये २४ पिना असतात. त्यातल्या सीसी-१ आणि सीसी-२ या दोन पिनांवर लॅपटॉप आपली ओळख दाखवतो. दोन्ही पिनांपासून ग्राउंडपर्यंत ५.१ किलोओहमचा रेझिस्टन्स असतो, तो चार्जरला दिसला की चार्जर ५ व्होल्ट सोडतो. मग त्याच सीसी तारेवरून चार्जर सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत. लॅपटॉपमधली पीडी कंट्रोलर नावाची चिप त्यातले २० मागते. ते मिळाले की मोसफेट उघडतो, वीज चार्जिंग आयसीकडे जाते आणि बॅटरी भरायची की नाही हे एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे ईसी, ठरवतो.

एवढ्या पायऱ्यांपैकी कुठलीही एक अडली तरी ग्राहकाला दिसतं ते एकच, चार्ज होत नाही. पण कुठली अडली हे आकड्यांवरून कळतं.

आधी चार्जर आणि केबल

घरात मोबाइलचा चार्जर असतो, तोच लावून बघितला आणि चाललं नाही म्हणून लॅपटॉप दुकानात आणला, असं पुष्कळ होतं. चार्जरवरचं बारीक अक्षरातलं आउटपुट वाचा. त्यात २० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर बहुतेक लॅपटॉपना तो उपयोगाचा नाही. काही मोबाइल कंपन्यांचे सुपरफास्ट चार्जर आपल्याच पद्धतीने चालतात, वर कितीही वॅट लिहिलेले असोत, लॅपटॉपशी त्यांचं जमत नाही. आणि केबलचं चार्जरकडचं टोक जुन्या चपट्या यूएसबीचं असेल तर ही पीडीची बोलणी होतच नाहीत.

केबलचंही तसंच. साधी केबल ३ अँपियरपर्यंत चालते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यावर जायचं तर केबलमध्ये ई-मार्कर चिप लागते. ६५ वॅटचा चार्जर २० व्होल्टला ३.२५ अँपियर देतो, म्हणजे तिथेही साधी केबल कमीच पडते. मग स्क्रीनवर ‘स्लो चार्जर’चा मेसेज येतो आणि आपण पोर्टला दोष देतो. शिवाय लॅपटॉपवरचा प्रत्येक सी पोर्ट चार्जिंगचा असतोच असं नाही, काही फक्त डेटाचे असतात.

मीटर काय सांगतो

चार्जर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी-सी मीटर हजाराच्या आसपास मिळतो. घेताना तो पीडी आरपार जाऊ देणारा आहे ना एवढं बघा. आम्ही कॉमर्सवाले, सर्किट आम्हाला कळत नाही, पण दोन आकडे वाचता येतात. बॅटरी बरीच उतरलेली असताना बघायचं. भरलेल्या बॅटरीला चांगला लॅपटॉपही नावापुरताच करंट घेतो.

२० व्होल्ट आणि दीड-दोन अँपियर किंवा जास्त दिसत असेल तर पोर्ट आणि बोर्डाचा पुढचा भाग ठीक.

शून्य व्होल्ट असेल तर चार्जरला लॅपटॉप दिसतच नाही. केबल उलटी करून लावा. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही असं झालं तर दोनपैकी एका सीसी पिनचा संपर्क तुटलाय हे जवळजवळ नक्की. मग काम पोर्टचं असतं. कधी तर पोर्टमध्ये बसलेला खिशातला कापूस लाकडी टूथपिकने काढला की चालू होतं, अर्थात लॅपटॉप बंद करून आणि चार्जर काढून.

५ व्होल्टवर अडकलं तर ओळख पटली, पण २० ची बोलणी झाली नाहीत. संशय पीडी कंट्रोलरवर, त्याला लागणाऱ्या ३.३ व्होल्टवर, सीसी लाइनवर किंवा त्याच्या फर्मवेअरवर. २०१६ नंतरच्या इंटेल मॅकबुकमध्ये सीडी३२१५ ही चिप या कामाला असते आणि ‘५ व्होल्टवर अडकलंय’ म्हटलं की मॅक दुरुस्त करणारे पहिलं बोट तिच्याकडेच दाखवतात. ती चिप आणि तिच्या आसपासचं काम करणं म्हणजे बोर्ड बदलणं नव्हे.

२० व्होल्ट येतात पण करंट शून्याजवळ, म्हणजे पीडीने आपलं काम केलं, पुढे मोसफेट किंवा चार्जिंग आयसीपाशी घोटाळा आहे. २० वर जातं, लगेच पडतं, परत चढतं, असं घड्याळासारखं चालू असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. दुसरा चार्जर लावून खात्री करावी, कारण दमलेला चार्जरही असंच वागतो.

आणि लॅपटॉप मजेत चालतो, बॅटरीच भरत नाही, ही गोष्ट वेगळी. ५५-६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल तर बॅटरी जपण्याचं सेटिंग चालू आहे का बघा. लेनोवो, असूस, डेल यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते असतं. ते बंद असूनही भरत नसेल तर मग बॅटरी.

एक खास प्रकरण, थिंकपॅडचं

बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड आपल्याकडे सेकंडहँड भरपूर येतात. २०१८ चा टी४८० त्यात लोकप्रिय. तो चार्ज होतो फक्त सी पोर्टवर, गोल किंवा चौकोनी पिन नाहीच. लेनोवोने २०१७ ते २०१९ या काळातल्या काही थिंकपॅड मॉडेलांसाठी थंडरबोल्टचं तातडीचं फर्मवेअर अपडेट काढलं होतं. ते न केल्यास जी लक्षणं दिसू शकतात म्हणून कंपनीनेच सांगितली, त्यात सी पोर्टवरून बॅटरी चार्ज न होणं हेही होतं. म्हणजे भाग एकही जळालेला नाही, तरी लॅपटॉप मेल्यासारखा.

सेकंडहँड घेतला असेल तर आजच लेनोवोच्या साइटवर मॉडेल टाकून अपडेट करा. बिघाड आधीच झाला असेल तर अपडेट पुष्कळदा लागत नाही. तेव्हा थंडरबोल्टची छोटी फ्लॅश चिप बाहेरच्या प्रोग्रामरने पुन्हा लिहावी लागते. बायोस लिहिणारा कुठलाही कारागीर हे करू शकतो. टी४८० च्या खालच्या बाजूला बारीक रीसेट भोकही असतं. चार्जर काढून त्यात पिन दाबली की अडकलेला ईसी कधीकधी ताळ्यावर येतो. आधी हे, मग स्क्रू ड्रायव्हर.

उघडल्यावर

इथून पुढे काम कारागिराचं, पण तो काय करतोय ते माहीत असलेलं बरं. आधी बॅटरीचा कनेक्टर निघाला पाहिजे. मग मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून सीसी-१ आणि सीसी-२ ची रीडिंग घेतात. दोन्ही साधारण सारखी हवीत. एकच वेगळी आली तर बिघाड त्या ओळीवर. पोर्टमध्ये सीसीची पिन २० व्होल्टच्या पिनेला अगदी खेटून असते. ओल, गंज किंवा वाकडी पिन यामुळे दोन्ही चिकटल्या की २० व्होल्ट थेट पीडी कंट्रोलरमध्ये घुसतात. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लक्षात ठेवावं. ओल्या हाताने किंवा भिजलेल्या बॅगेतून काढल्या काढल्या चार्जर लावू नये.

शॉर्ट असेल तर बॅटरी काढलेल्या बोर्डला बाहेरून एखादा व्होल्ट देतात, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकतात आणि कुठून आधी सुकतं ते बघतात. तिथला भाग तापतोय. बऱ्याचदा तो दोन-चार रुपयांचा कपॅसिटर निघतो. मजुरी अर्थातच शोधण्याची असते आणि ती द्यायलाच हवी.

म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारा. मीटरवर किती व्होल्ट, किती अँपियर आले? आणि सीसीची दोन्ही बाजूंची रीडिंग सारखी आहे का? ज्याने तपासलंय तो लगेच सांगतो. “सगळं बघितलं, बोर्डच गेलाय” एवढंच उत्तर आलं तर लॅपटॉप उचलून दुसरीकडे दाखवा.

बोर्ड खरंच जातोही. पाणी सीपीयूपर्यंत गेलं असेल, बोर्डाचे आतले थर जळाले असतील किंवा आधी कुणी हीट गनने पोर्टचे पॅड उखडले असतील तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही. पण बदलायला हो म्हणण्याआधी डेटा कुठे आहे ते विचारा. टी४८० सारख्यात एसएसडी काढून दुसरीकडे लावता येते. २०१८ नंतरच्या मॅकबुक प्रो आणि एअरमध्ये स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं. तिथे जुना बोर्ड दुकानात ठेवून आलात तर फोटो, प्रोजेक्ट, टॅलीचा डेटा, सगळं त्याच्यासोबत गेलं. अशा वेळी बोर्ड निदान एकदा चालू होण्यापुरता दुरुस्त करून डेटा काढून घ्यायचा आणि जुना बोर्ड परत मागायचा.