काचेखालचा समुद्र

संप म्हटले की आपल्याला आधी बंद कचेरी आठवते, मग अंगणाखालची पाण्याची टाकी. घरात समुद्री मासे पाळणाऱ्यांचा संप या दुसऱ्या जातीचा. वर शोभेची काचपेटी, खाली कपाटात दडवलेली दुसरी टाकी. वरचे पाणी ओसंडून खाली येते, तिथे शुद्ध होते आणि पंप ते परत वर चढवतो. ही टाकी केवढी घ्यावी यावर हौशी मंडळी बराच खल करतात. खरे म्हणजे त्याचे उत्तर १८७१ सालीच मिळालेले आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यघर उघडले आणि इंग्रजांना समुद्र दिवाणखान्यात मांडायचे वेड लागले. फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४च्या पुस्तकाने त्यात तेल ओतले. पण एवढ्याशा पाण्यात माशांची घाण साचली की पेटी नासायला वेळ लागत नाही. यावर तोड काढली ती विल्यम ऑल्फर्ड लॉइड या माणसाने. आधी हॅम्बुर्गला १८६४ साली, मग लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली त्याने मोठी मत्स्यालये उभारली. क्रिस्टल पॅलेसला लोक पाहायचे त्या पेट्यांतल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्याने जमिनीखालच्या अंधाऱ्या, थंड हौदात ठेवले आणि वाफेच्या पंपाने ते सतत खेळवले. तेच पाणी पुन्हा पुन्हा! कचेरीत साहेबांची केबिन दिसते, पण कारभार चालतो रेकॉर्डरूमवर, हे आम्हा कारकुनांना वेगळे सांगायला नको.

आपल्या खाजनातही मानशीच्या आत पोंय असतो. भरतीचे पाणी तिथे पसरते, शेतावर एकदम चालून येत नाही. मात्र आपल्याकडे समुद्र दिवसातून दोनदा स्वतःच पाणी बदलून जातो. लॉइडची युक्ती खरी उपयोगाची ती ज्यांच्या दारी समुद्र नाही त्यांना.

पांढुर्णा आणि सौंसरचेच उदाहरण घ्या. मराठी बोलणारा, संत्री पिकवणारा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार खेळणारा हा मुलूख १९५६ नंतरही मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. तिथली कन्हान वैनगंगेला मिळते, आणि ते पाणी पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोचते. उलट दिशेने मात्र समुद्र येत नाही. तो पिशवीतले मीठ शुद्ध पाण्यात कालवून घरीच करावा लागतो.

अशा ठिकाणी संपाची निवड म्हणजे सगळा खेळ. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाणी उडते, मीठ मागे राहते आणि खारटपणा वाढतो. एकूण पाणी जितके जास्त तितका हा बदल सावकाश. पाण्याची घट दिसते ती संपातल्या पंपाच्या कप्प्यात. तो चिमुकला असेल तर एक दिवस गोडे पाणी घालायचे राहिले की पंप कोरडा पडलाच.

दुसरी गोष्ट वीज गेल्यावरची. पंप थांबतो आणि वरचे पाणी खाली उतरते. समजा पेटी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आहे आणि पाणी ३ सेंटिमीटर उतरले, तर १६ लिटरहून जास्त पाणी खाली येणार, शिवाय नळीतले वेगळे. एवढी जागा संपात कायम रिकामी हवी, नाहीतर घरभर खारे पाणी. दुकानात भरलेला संप सुंदर दिसतो, पण पाहायची असते त्यातली रिकामी जागा.

आणखी एक. परदेशी पुस्तके वाचून कोणी प्रवाळ ठेवायला निघेल, तर खडकाळ प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेलेला तुकडाही विकत घेऊ नये. ग्रँड आयलंडजवळ आपल्याकडेही प्रवाळ आहे, ते तिथेच बरे. तेव्हा पेटीत राहिले मासे आणि साधा दगड. मासे प्रवाळापेक्षा खादाड आणि घाणही जास्त करणारे, म्हणून संपात फेस काढणाऱ्या स्किमरला ऐसपैस कप्पा द्यावा आणि शेजारी दिवा लावून शेवाळ वाढवावे. ते माशांच्या घाणीतून होणारे नायट्रेट खाते, आणि वाढले की मूठभर काढून टाकता येते.